हर्णैला जाताय? आधी तिथी बघा, मग गाडी काढा

दापोलीत राहणाऱ्या माणसाला हिवाळ्यात आणि मे महिन्यात एक फोन हमखास येतो. वेळ दुपारी तीनची. "अरे, आम्ही हर्णै बंदरावर उभे आहोत. होडीवाला म्हणतो, आता नको. तू जरा बोल ना त्याच्याशी." मी बोलत नाही, कारण होडीवाला बरोबर असतो. चूक सकाळीच झालेली असते. उशिरा उठून पोहे खाल्ले, आधी गोवा किल्ला पाहिला, मग थाळीसाठी तासभर वाट पाहिली आणि सुवर्णदुर्ग शेवटी ठेवला. तोवर वारा सुटलेला असतो आणि पाणी नको तिथे गेलेलं असतं.

हर्णैत बघायच्या जागा एकमेकींच्या अगदी जवळ आहेत: समुद्रातला सुवर्णदुर्ग, किनाऱ्यावर त्याच्या पहाऱ्यासाठी उभे केलेले गोवा, कनकदुर्ग आणि फत्तेगड, कनकदुर्गावरचं दीपगृह आणि या सगळ्यांच्या मधलं बंदर. अंतर कमी म्हणून लोक क्रमाचा विचार करत नाहीत. इथे क्रम पाणी ठरवतं. इतिहासाच्या गोष्टी या लेखात नाहीत. त्या कुठेही वाचायला मिळतात.

१. तारीख ठरवणं

सर्वांत जास्त वेळ या पायरीला द्या. बाकीचं आपोआप जमतं.

हंगाम ऑक्टोबर ते मेचा मध्य. पावसाळ्यात, साधारण मे अखेरीपासून ऑगस्ट अखेरीपर्यंत, प्रवासी होड्या बंद असतात. यांत्रिक मासेमारीलाही जून-जुलैत बंदी असते, म्हणजे त्या दिवसांत किल्लाही नाही आणि बंदरावरचा मासळीचा लिलावही नाही. हिरवाई बघायला खुशाल या, पण सुवर्णदुर्गाची आशा धरू नका. ऑक्टोबरनंतरही समुद्रात वादळ असलं तर बंदरावर तीन नंबरचा बावटा लागतो. तो दिसला की होडीचा विषय तिथेच संपवायचा.

आता तिथी. कोकणात भरतीची वेळ काढायचं जुनं सूत्र आहे, तिथीची पाऊणपट. शुद्ध असो की वद्य, तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणा. जे तास येतात, तेवढ्या वाजता पूर्ण भरती, दिवसा एकदा आणि रात्री एकदा. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी.

करून बघू. द्वादशी: बाराची पाऊणपट नऊ. सकाळी नऊला भरती, दुपारी सव्वातीनला ओहोटी. चतुर्थी: चारची पाऊणपट तीन. भरती पहाटे तीनला आणि दुपारी तीनला, म्हणजे सकाळी सव्वानऊला ओहोटी. अष्टमी: भरती सहाला, ओहोटी बाराच्या सुमारास.

हे सूत्र ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतोच. सर्वांत जास्त चुकतं ते पौर्णिमा-अमावास्येच्या सांध्यावर. पौर्णिमेला उत्तर सव्वाअकरा येतं आणि दुसऱ्या दिवशी, प्रतिपदेला, पाऊण. भरती एका दिवसात दीड तास पुढे उडी मारत नाही, ती रोज सुमारे पन्नास मिनिटं सरकते. म्हणून त्या दोन दिवशी 'अकरा ते साडेबाराच्या मध्ये कधीतरी' एवढंच धरा. सूत्र तारीख निवडायला वापरा. नेमक्या वेळेसाठी आदल्या रात्री भरती-ओहोटीचं छापील किंवा मोबाइलवरचं कोष्टक बघा आणि सकाळी तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, विचारा.

आपल्याला हवी कुठली वेळ? सकाळी साडेसात ते साडेदहाच्या मध्ये पाणी चढतं किंवा भरलेलं असेल अशी. कारणं दोन. ओहोटीला बंदराचं पाणी मागे जातं आणि होडीपर्यंत चिखल-वाळू तुडवत, कधी मांडीभर पाण्यातून जावं लागतं. किल्ल्याच्या बाजूलाही खडक उघडे पडतात, उतरायला त्रास होतो. दुसरं कारण वारा. दिवस तापला की समुद्रावरून वारा सुटतो आणि सकाळी गुळगुळीत दिसणारं पाणी दुपारी उसळायला लागतं. म्हणून सकाळच.

हिशेब केला तर एकादशी ते पौर्णिमा आणि एकादशी ते अमावास्या असे महिन्यातून दोन पट्टे मिळतात. त्यातला शनिवार-रविवार शोधा. एका महिन्यात नाही जुळला तर पुढच्या महिन्यात जुळतो.

वाईट पट्टा म्हणजे द्वितीया ते चतुर्थी. लोकांना वाटतं की उधाणाचा जोर पौर्णिमेलाच असतो. खरा जोर त्यानंतर एक-दोन दिवसांनी येतो. त्या दिवसांत पाणी जितकं वर चढतं तितकंच खाली जातं आणि ही खोल ओहोटी नेमकी सकाळी साडेसात ते साडेनऊच्या सुमाराला असते. म्हणजे तुम्ही ताजेतवाने आणि होडी चिखलात. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाण्याची चढ-उतार कमी. ओहोटीची वेळ असली तरी पाणी फार लांब जात नाही, त्यामुळे अष्टमी-नवमी चालवून घेता येते.

*नेहमीच्या चुका:*
पौर्णिमेनंतर सोळा, सतरा असं मोजत जाणं. वद्य पक्षात मोजणी पुन्हा एकपासून.
मुंबईच्या वर्तमानपत्रातली भरतीची वेळ हर्णैला लावणं. आपल्या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, म्हणून हर्णैला ती मुंबईच्या आधी येते.
इंग्रजी तारखेवरून अंदाज बांधणं. "मागच्या वर्षी पंचवीस डिसेंबरला सकाळी गेलो होतो" याला काडीचाही अर्थ नाही.

२. आदल्या रात्रीची तयारी

मुक्काम दापोली, मुरुड, कर्दे किंवा हर्णैतच करा. मुंबई-पुण्याहून पहाटे निघून सकाळची होडी पकडायचा बेत आखू नका, घाटात एक ट्रक बंद पडला की सगळं कोसळतं. रेल्वेने येणाऱ्यांनी खेडला उतरावं. तिथून दापोलीला एसटी मिळते आणि दापोलीहून आसूदमार्गे हर्णै सुमारे सोळा किलोमीटर.

पायात मागून पट्टा असलेल्या चपला किंवा सँडल हवेत. रबरी स्लिपर चिखलात रुतते, पाय वर येतो आणि चप्पल खालीच राहते. बूट घातले तर ते काढून हातात धरावे लागतात आणि नेमका होडीत चढताना हात मोकळा हवा असतो. पँट गुडघ्यापर्यंत दुमडता यायला हवी. मोबाइल प्लास्टिकच्या बंद पिशवीत ठेवा. माणशी किमान एक लिटर पाणी न्या. किल्ल्यावर टाक्या आहेत, पण त्यातलं पाणी प्यायचं नाही, आणि तिथे टपरी नाही, स्वच्छतागृह नाही, सावलीही बेताची. टोपी घ्या. छत्री वाऱ्यावर उलटी होते आणि होडीत शेजाऱ्याच्या डोळ्यात जाते.

सुटे पैसे ठेवा. बंदरावर रेंज असतेच असं नाही आणि कोळणीशी माशांच्या वाट्याचा भाव ठरल्यावर 'पेमेंट फिरतंय' म्हणत उभं राहणं बरं दिसत नाही.

मोबाइलमध्ये १५५४ हा क्रमांक साठवा. तटरक्षक दलाचा समुद्रातल्या अडचणीसाठीचा मोफत क्रमांक आहे.

*निघण्यापूर्वी तपासा:* आजची तिथी, भरतीची वेळ, होडीत बसायची वेळ आणि परत किनाऱ्याला लागायची वेळ. चारही कागदावर लिहा. चौथी लिहिताना सुचली नाही, तर बेत अजून पक्का झालेला नाही.

३. बंदरावर पोहोचणं

सातच्या सुमारास पोहोचा. गाडी वरच्या बाजूला, रस्त्याच्या कडेला लावा. लिलावाच्या वेळी बंदराकडच्या अरुंद रस्त्यावर बर्फाचे टेम्पो, माशांच्या गाड्या आणि बैलगाड्या यांची एकच गर्दी होते. आत शिरलेली गाडी तासभर मागे घेता येत नाही.

*इशारा:* गाडी वाळूवर नेऊ नका. ओहोटीची ओली वाळू डांबरासारखी घट्ट दिसते. माझ्या आतेभावाने कर्द्याला फोटोसाठी गाडी खाली उतरवली, मागची चाकं रुतली आणि भरती चढायला लागली. गावातल्या दहा जणांनी दोर लावून ती काढली. तेव्हापासून तो फोटो घरात कुणी दाखवत नाही.

सकाळचा लिलाव चालू असेल तर बघा, पण घेऊ नका. आता घेतलेलं पापलेट संध्याकाळपर्यंत गाडीत शिजतं. खरेदी परतताना. बघतानाही कडेला उभं राहा. होडीतून उतरलेला माल बैलगाडीने किंवा डोक्यावरच्या टोपलीतून वर येतो आणि टोपलीखालच्या माणसाला पुढे कोण उभं आहे ते दिसत नाही. बोली चालू असताना हात वर करून कुणाला हाका मारू नका. मी एकदा मित्राला बोलवायला हात हलवला आणि क्षणभर म्हाकुलाच्या ढिगाचा मालक झालो. सगळे हसले, म्हणून सुटलो.

४. होडी ठरवणं

होडीवाल्याला पहिला प्रश्न पैशांचा विचारू नका. आधी विचारा, "मामा, पाणी चढतंय का सुकतंय? किल्ल्याला नीट लागेल ना?" तिथीचा हिशेब करून आलेला माणूस आहे हे त्याला कळतं आणि पुढचं बोलणं वेगळं होतं. मग भाडं विचारा. माणशी की अख्ख्या होडीचं, जाऊन-येऊन की एकाच बाजूचं आणि किल्ल्यावर किती वेळ थांबणार, या तीन गोष्टी चढण्याआधी स्पष्ट करा. सहसा तासाभराची बोली असते. दीड तास मागा. सावकाश बघायला तेवढा लागतोच.

चार-पाच जण असाल तर होडी भरेपर्यंत थांबावं लागतं. थांबून पाणी उतरायला लागणार असेल, तर अख्खी होडी घेणं शेवटी स्वस्त पडतं.

*चढण्याआधी तपासा:* प्रत्येकाला लाइफ जॅकेट आहे का आणि त्याचे पट्टे तुटलेले नाहीत ना. जॅकेट खाली घेऊन बसू नका, अंगात घाला. होडीत माणसं जास्त वाटली तर उतरा आणि पुढच्या फेरीला जा. लाजायचं कारण नाही. आणि "आज नको" असं तांडेल म्हणाला तर दुसरी होडी शोधत फिरू नका. जो तयार होईल त्याच्यापेक्षा जो नाही म्हणाला तो शहाणा.

चढताना लहान मुलं मध्ये, मोठी माणसं दोन्ही बाजूंना. एका बाजूला सगळे फोटोसाठी सरकले की होडी कलते आणि खलाशी ओरडतो. तो रागाने ओरडत नसतो.

५. सुवर्णदुर्गावर

पलीकडे जायला फार वेळ लागत नाही. खरी काळजी उतरताना घ्यायची. लाट होडीला वर-खाली करत असते. होडी वर आली की नाही, ती खाली स्थिरावली की पाय टाकायचा. खलाशी हात देईल, तो मनगटाला धरा, बोटांना नको. शेवाळलेल्या काळ्या दगडावर पाय ठेवू नका. वाळू दिसेल तिथेच उतरा.

दरवाजा किनाऱ्याच्या बाजूलाच आहे, पण बुरुजांच्या आड लपलेला. अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. इथेच लोकांची पहिली घाई होते. सगळे धावत आत शिरतात आणि पायरीवर कोरलेलं कासव तुडवून जातात. थांबा, खाली बघा. मग बाजूच्या तटावर कोरलेला मारुती बघा. सकाळचं ऊन या बाजूला पडतं, म्हणून ही कोरीव कामं आत्ताच नीट दिसतात.

आतला क्रम असा ठेवा: दरवाजातल्या पहारेकऱ्यांच्या देवड्या, मग पायऱ्यांनी तटावर, मग टाक्या आणि पडकी बांधकामं, शेवटी समुद्राच्या बाजूचा चोरदरवाजा. तट आधी का? वरून आतलं सगळं आवार दिसतं, झाडी कुठे दाट आहे आणि वाट कुठे आहे ते कळतं. आधी आत घुसलेले लोक करवंदीच्या जाळीत अर्धा तास घालवतात आणि चोरदरवाज्यापर्यंत पोहोचतच नाहीत. पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत गवत कमरेएवढं असतं, काठी आपटत चाला.

तटावर फांजी, म्हणजे वरची चालायची वाट, जिथे रुंद आहे तिथेच चाला. कडेचे दगड सुटे आहेत. जिथे झाडाची मुळं तटात शिरली आहेत, तिथे दगड कधी निसटेल सांगता येत नाही.

*इशारा:* ओहोटी लागली असली तरी किल्ल्याच्या बाहेरून, तटाच्या पायथ्याने फेरी मारू नका. सुरुवातीला वाट सोपी दिसते. मागच्या बाजूला खडकांच्या घळीत लाट आत येते आणि पाणी फिरलं की परतायची वाट पहिल्यांदा बुडते.

जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशाचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यात सुवर्णदुर्ग आहे. तेव्हापासून गर्दी वाढते आहे आणि ड्रोनही. हे संरक्षित स्मारक आहे, परवानगीशिवाय ड्रोन उडवू नका. चिवड्याची पाकिटं होडीने परत न्या.

ठरल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी खाली या. तुमच्यामुळे होडी थांबली तर पाणी थांबत नाही.

६. दुपार: गोवा किल्ला

परत आल्यावर आधी खा, सावलीत पडा. मनाने कितीही उचल खाल्ली तरी एक ते तीन उन्हात फिरू नका.

साडेतीनला गोवा किल्ला. किनाऱ्यावरच्या तीन किल्ल्यांत तट सर्वांत चांगला इथलाच राहिला आहे. आत इंग्रजांच्या काळातल्या इमारतींचे अवशेष आहेत. अर्धा तास पुरे. पडक्या भिंतींच्या आत शिरू नका आणि छत उरलेल्या भागाखाली उभं राहू नका.

७. कनकदुर्ग आणि फत्तेगड

कनकदुर्ग बंदराच्या टोकाला, तीन बाजूंनी पाणी. पायऱ्या चढून वर गेलं की दीपगृह आणि खडकात खोदलेल्या टाक्या. तट जवळजवळ उरलेला नाही, तरी इथे याच. सकाळी ज्या पाण्यावरून गेलात ते आता वरून बघा: पाणी कुठवर उतरलंय, कोणत्या होड्या वाळूवर बसल्यात, कुठले खडक उघडे पडलेत. सकाळचा हिशेब का केला हे इथे पाच मिनिटांत कळतं.

दीपगृहात लोकांना सोडण्याची वेळ ठरलेली असते, सहसा दुपारनंतरची. ती आधी विचारून घ्या आणि त्याप्रमाणे गोवा किल्ला पुढे-मागे करा. आत फोटो काढण्याआधी परवानगी मागा. सुवर्णदुर्गाचा फोटो इथून संध्याकाळी काढला तर सूर्य समोर येतो आणि किल्ला काळा ठिपका होतो.

फत्तेगड समोरच आहे. किल्ला म्हणून शोधाल तर निराश व्हाल, तिथे आता कोळ्यांची वस्ती आहे. घरं, वाळत घातलेली जाळी, मासळी. रस्त्यावरून बघा आणि पुढे जा. लोकांच्या अंगणात कॅमेरा घेऊन शिरू नका.

८. संध्याकाळचा लिलाव आणि मासे घेणं

चार-साडेचारनंतर बंदर पुन्हा जागं होतं. दोन व्यवहार चालतात, ते वेगळे ओळखा. बोलीवर मोठा ढीग जातो, तो व्यापाऱ्यांचा. आपल्यासारख्यांनी कडेला बसलेल्या कोळणींकडून वाटा घ्यायचा. "मावशी, वाटा कसा?" एवढं विचारून आधी दोन-तीन ठिकाणी फिरा, मग परत या. थोडी घासाघीस चालते, पण निम्म्यापासून सुरुवात केली तर मावशी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघायला लागते आणि नंतर काही बोलत नाही.

ताजेपणासाठी कल्ला उचलून बघा, लाल हवा, तपकिरी नको. डोळा फुगीर आणि स्वच्छ. अंगावर बोट दाबलं तर खड्डा भरून यायला हवा. पापलेटाचं पोट दाबून बघा, कोळंबीचं डोकं घट्ट आहे का ते बघा. बर्फात ठेवलेला म्हणून शिळा आणि बर्फाबाहेरचा म्हणून ताजा, असं काही नसतं.

साफ तिथेच करून घ्या, पण तुकडे घरी करा. लांबचा प्रवास असेल तर थर्माकोलच्या डब्यात खाली बर्फ, मध्ये प्लास्टिकमध्ये बांधलेले मासे, वर पुन्हा बर्फ.

तिथी जुळलीच नाही तर

सुट्टी ठरलेली आणि तिथी तृतीया. मग क्रम उलटा करा. सकाळी खाडीचा पूल ओलांडून आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला जा. तिथून सुवर्णदुर्ग दिसतो. दहाच्या आत हर्णैला परत येऊन गोवा आणि कनकदुर्ग उरका. मग बाराच्या सुमारास, पाणी बऱ्यापैकी चढल्यावर, तांडेलाला विचारा. वारा पडलेला असेल तर तो नेईल. नाही म्हणाला तर मुकाट्याने बंदरावरून किल्ला बघा आणि पुढच्या एकादशीची नोंद करा.

परतताना माशांचा डबा गाडीच्या डिकीत आडवा ठेवू नका. आसूदच्या वळणांवर बर्फाचं पाणी सांडतं आणि तो वास गणेशोत्सवापर्यंत जात नाही.